इसरूची साक्ष

गुणाबाईच्या तिरडीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हाच भैयाजीने मनाशी ठरवलं, की इसरूला फाशीच झाली पाहिजे.

तोवर तो दगडासारखा बसून होता. आईचं प्रेत कुरखेड्याहून चिरफाड होऊन परत आलं होतं, बैलगाडीत, चटईत गुंडाळून. चिचटोल्याची माणसं आपापल्या सपरीत, ओसरीवर उभी राहून बघत होती, पण खाली कोणी उतरत नव्हतं. भैयाजी, त्याचा साळा आणि गावचे पाटील दादाजी असे तिघे झाले. चौथ्यासाठी दादाजींनी दोन-तीन घरी हाक मारली. कोणाच्या पाठीत लचक भरलेली, कोणाच्या घरी सोयर. शेवटी भैयाजीच्या बायकोने, भागीरथाने, पदर खोचला आणि सासूच्या तिरडीखाली खांदा लावला. बाईने खांदा देऊ नये म्हणतात. पण अडवायलासुद्धा कोणी पुढे आलं नाही, एवढं गाव भ्यालेलं होतं. मेलेल्या म्हातारीला भ्यालेलं.

गुणाबाई गावची सुईण. चिचटोल्यातल्या निम्म्या माणसांची नाळ तिने कापलेली. इसरूचीही तिनेच कापली होती आणि इसरूच्या तिन्ही लेकरांचीही. जंगलातला पाला, मुळ्या तिला ठाऊक होत्या. कोणाचं पोट दुखलं, कोणाला ताप आला की तिच्याकडे काढ्याला यायचे. त्या साली श्रावणात इसरूच्या दोन पोरांना ताप भरला. गुणाबाईने भुईनिंबाचा काढा करून पाजला. दोन्ही पोरं एका आठवड्याच्या आत गेली, आधी मोठा सोमा, मग धाकटा. उरली ती एक अंगावरची पोरगी.

इसरू पुजाऱ्याकडे गेला. लालसू पुजारी तांदळाचे दाणे पाहून सांगायचा. त्याने दाणे टाकले आणि म्हणाला, ज्या घरचं तोंड उगवतीकडं हाय, ज्या घरून कडू पाणी आलं, तिथून झालं. नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, निंदणाला वाकली होती. इसरूची आणि भैयाजीची बांधी शेजारीशेजारी, मधे एक पार, म्हणजे मातीचा बांध. इसरू पारेवरून चालत आला, हातात कुऱ्हाड. तिला वाटलं तो काडी तोडायला आला असेल. "काऊन रे इसरू, पोट्टी कशी हाय?" असं तिने विचारलं, हे पलीकडच्या बांधीतल्या बायांनी ऐकलं. त्यानंतर तिने काही विचारलं नाही. कुऱ्हाड चिखलात टाकून इसरू पाटलांच्या सपरीत जाऊन बसला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं.

खटला जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला चालला. भैयाजी वडशापर्यंत बैलगाडीने आणि तिथून छोट्या रेल्वेने जायचा, तारखेला हजर राहायचा. तिथे त्याने इसरूला पहिल्यांदा पिंजऱ्यात पाहिलं. तो बसल्या जागी हात जोडून होता, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. लालसूलाही साक्षीला बोलावलं होतं. तो म्हणाला, "मी नाव घेतलं नाई साहेब. मी फकत दिशा सांगतली." दिशा सांगणं हा गुन्हा नव्हता. लालसू त्याच संध्याकाळच्या गाडीने घरी गेला.

जज्जसाहेबांनी इसरूला विचारलं, "केलंस त्याचं तुला वाईट वाटतं का?"

"कायचं साहेब?" इसरू म्हणाला. "लांडग्यानं लेकरू नेलं तं त्याले मारत नाई का आमी?"

भैयाजीच्या अंगाची लाही झाली. साहेबांनी निकाल वाचला तेव्हा इंग्रजीतलं त्याला काही कळलं नाही, पण मग त्यांनी चष्मा काढून मराठीत सांगितलं, की अडाणीपणाला दया दाखवली तर उद्या प्रत्येक आजारी लेकरामागे एका म्हातारीचा जीव जाईल. ती म्हातारी माणूस होती आणि माणसाच्या खुनाची शिक्षा ह्याला होईल. मरेपर्यंत फाशी.

ती माणूस होती. हे वाक्य भैयाजीने चांद्याहून गावापर्यंत उराशी धरून नेलं. गावात कोणी म्हणालं नव्हतं, ते सरकारने भरल्या कोर्टात म्हटलं होतं. त्या दिवशी त्याला पोटभर जेवण गेलं.

एवढंच खुपलं, की शिपाई इसरूला घेऊन जात होते तेव्हा तो दारात थांबला आणि गर्दीत भैयाजीला शोधून म्हणाला, "भैयाजी, आपल्या मधची पार फुटली हाय. तेवढी पाह्यजो. नाई तं दोघांचंबी पानी जाईन."

जणू बाजारातून घरी निघाला होता. भैयाजीने पारेला हात लावला नाही. आपल्या बाजूने माती टाकून त्याने आपलं पाणी तेवढं अडवलं. इसरूची बांधी कोरडी पडली आणि धान पोटरीतच वाळलं.

नागपूरच्या हायकोर्टानेही फाशी कायम केली. मग एके दिवशी इसरूची बायको नीलाबाई भैयाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली. काखेत पोरगी, सुगरता, तेव्हा तीनेक वर्षांची. नीलाबाई पायरीजवळ आली नाही. घरावरून नजर फिरवताना तिने पोरीच्या डोळ्यांवर पदर ओढला, हे भागीरथाने पाहिलं.

"वकील म्हणते, दयेचा अर्ज दिल्लीले जाते," नीलाबाई म्हणाली. "म्हणते, मेलेल्याच्या पोरानं म्हटलं का सोडा, तं तिथी आयकते. तुमी म्हणा ना भाऊ. सोडू नका म्हणा, पन जिता ठेवा म्हणा."

भैयाजी कितीतरी वेळ दोरी वळत राहिला. मग म्हणाला, "म्हणतो वयनी. आंगठा देतो. पन तू आधी चावडीवर चाल. समद्या गावासमोर म्हन का गुणाबाईनं माही लेकरं नाई खाल्ली. एवढं म्हन, मी आताच्या आता पाटलाकडं येतो."

पोरगी तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. नवऱ्याचा जीव एका वाक्यावर आला होता आणि ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होतं, हे भैयाजीला दिसत होतं.

"तसं म्हटलं," ती म्हणाली, "तं माही लेकरं कायनं गेली भाऊ? उगाचच गेली?"

"ते मले नाई मालूम."

"मंग मी नाई म्हणत. मालकाले वाचवाले लेकरायचं मरण खोटं नाई पाडत."

ती गेली. भागीरथा चुलीपुढून उठून दारात आली. "द्याचा होता आंगठा," ती म्हणाली.

"तिले एक शबद जड झाला."

"तिले होऊ द्या. तुमाले माहीत हाय ना माय कशी होती? मंग ती म्हनो का न म्हनो. तो जिता राह्यला तं कवातरी समजन त्याले. मेला तं तेच मनात घेऊन मरन."

"मरू दे," भैयाजी म्हणाला. तिच्या बोलण्यावर त्याने विचारच केला नाही, असं नाही. केला, आणि बाजूला सारला.

थंडी सरता सरता कुरखेड्याच्या ठाण्यातून शिपाई आला. दिल्लीहून अर्ज फेटाळला गेला होता. तारीख ठरली होती, घरच्यांनी नागपूरच्या जेलात येऊन भेटून जावं. एवढं सांगून शिपायाने सायकल वळवली आणि मग पाय टेकवून म्हणाला, "भैयाजी म्हणून कोण हाय? त्यालेबी बोलावलं हाय कैद्यानं. जेलरनं परवानगी देली."

भागीरथाने जाऊ नका म्हटलं. भैयाजी गेला. स्वतःशी त्याने असं म्हटलं, की आता तरी तो भीत असेल आणि आपल्याला ते पाहायचं आहे. नीलाबाई, पोरगी, दादाजी पाटील आणि तो, असे वडशाला गाडीत बसले. नागभीडला गाडी बदलली. एकाच बाकावर दोन टोकांना बसून नीलाबाई आणि भैयाजी नागपूरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

जेलात आत दोघांनाच सोडलं. पोरीला घेऊन दादाजी फाटकापाशी थांबले, कोठडीपाशी लेकरू नेऊ देत नव्हते.

इसरू गजांमागे उभा होता. पाहून भैयाजी चपापला. उन्हातान्हाचं काम सुटल्यामुळे तो उजळला होता आणि अंगावर मांस चढलं होतं. आईवर कुऱ्हाड घेऊन गेलेला काटकुळा इसरू जणू हा नव्हताच. त्याने बायकोला पाहिलं, पोरीची खबर विचारली, मग भैयाजीकडे वळला.

"आला तू. मले वाटलं नाई येशीन."

"बोल."

"पावसाळ्यात मले ताप आला इथी," इसरू म्हणाला. तो हळूहळू बोलत होता, पाठ केल्यासारखा. "आधी थंडी. दाताशी दात कडकड वाजून राह्यले. मंग आंग इस्तवासारखं. मी समजलो, आली बुढी. मलेबी न्याले आली. चांगलं झालं म्हटलं, दोरापरस हे बरं. पन डॉक्टर आला. त्यानं कोयनेल देल्लं. कडू जहर. घाम सुटला अन् ताप उतरला. पुन्हा चढला, पुन्हा देल्लं, पुन्हा उतरला. मी म्हटलं साहेब, कोणता मंतर मारला? तो हासला. म्हणे हा मच्छराचा ताप, मंतर नाई काई. मोठ्या माणसाले झिजवते, लेकराच्या डोस्क्यात गेला तं नेते."

त्याने गज धरले.

"मी इचारलं, लेकरू कसं करते तवा? त्यानं सांगतलं. डोये वर फिरवते. दातखिळी बसते. मान मांगं टाकते अन् आंग कमानीसारखं वाकडं करते. भैयाजी, त्यानं माह्या सोमाचं मरण जसंच्या तसं सांगतलं. त्यानं कुठी पाह्यलं होतं ते? चिचटोला कुठी हाय हेबी त्याले मालूम नाई."

पहारेकरी भिंतीकडे बघत होता.

"तुह्या मायनं काई केलं नाई रे. मी उगाच मारलं तिले."

भैयाजीला हेच ऐकायचं होतं. दीड वर्ष हेच ऐकायचं होतं. आता कानावर पडलं तेव्हा नुसता राग उसळला. त्याने गजांतून हात घालून इसरूच्या अंगरख्याला धरलं. "आता समजलं तुले? आता?" पहारेकऱ्याने त्याचा हात सोडवला.

"आता समजलं," इसरू म्हणाला. "अंदर आलो, जगलो, म्हणून समजलं."

नीलाबाई मागे सरकत भिंतीला टेकली होती. "ह्यायनं काई पाजलं तुमाले," ती पुटपुटली. "ह्यायनं म्हणाले लावलं. तुमी असं बोलू नका. लेकरं आयकत असतीन."

"नीला, आयक."

"नाई आयकत." तिने दोन्ही कानांवर हात घेतले.

इसरू पुन्हा भैयाजीकडे वळला. "पाह्यलं? ही आयकत नाई तं गाव काय आयकन. मी जेलरसाहेबाले म्हटलं, मले एक डाव गावात न्या. बेड्या घालून न्या, चावडीवर उभं करा. एवढं बोलतो अन् वापस येतो, मंग द्या फाशी, मी कुठी पळतो? माह्या तोंडचं गाव आयकन. दुसऱ्या कोणाचं नाई. साहेब म्हणे, असं कायद्यात नाई." तो गजांच्या आणखी जवळ सरकला. "भागीरथावयनीले सांभाळ. सासूची इद्या सुनेकडं येते म्हणते लालसू. तो दिशा सांगन. मी गेलो का लोक तिकडं पाह्यतीन."

भैयाजी जेलरच्या खोलीकडे गेला तो जवळजवळ पळत. जेलर जाडसर, मृदू बोलणारा माणूस होता. त्याने भैयाजीला बसायला सांगितलं. भैयाजी बसला नाही.

"साहेब, मी त्या मेलेल्या बाईचा पोरगा. मले त्याले फाशी नाई पाह्यजे. माफ केलं मी. कुठी आंगठा द्याचा तिथी देतो."

"उशीर झाला," जेलर म्हणाला. "अर्जाचा निकाल लागून गेला. आता माझ्या हातात काही नाही, कोणाच्याच नाही."

"माय माही होती ना साहेब?"

"आई तुमची होती. गुन्हा सरकारविरुद्ध आहे."

"मंग तवा मले काऊन बोलावलं कोर्टात? काऊन इचारलं?"

जेलरने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "तो खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "इथे आल्यावर पुष्कळ जण बदलतात. काही तर बाहेर होते त्यापेक्षा चांगले होतात. पण जो आला तो आणि जो जातो तो, असे दोन हिशेब आम्हाला ठेवता येत नाहीत." हे बोलताना त्याने भैयाजीकडे पाहिलं नाही.

फाशीच्या पहाटे ते चौघं जेलच्या भिंतीबाहेर कडुनिंबाखाली बसले होते. भैयाजी कान देऊन होता. काहीतरी आवाज येईल, दणका, किंकाळी, घंटा, काहीतरी. काहीच आलं नाही. आत कोणीतरी विहिरीत बादली सोडली, रहाट कुरकुरला. भिंतीपलीकडून भाकरी भाजल्याचा वास आला. थोड्या वेळाने फाटकातला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "झालं." तेव्हा भैयाजीला कळलं की ते आधीच कधीतरी झालं होतं, बहुतेक तो रहाट ऐकत असताना.

घाटावर नेताना इसरूला त्याने खांदा दिला. कोणी मागितला नव्हता.

गावात परतले तेव्हा खबर आधीच पोचली होती आणि चिचटोल्याने तिचा अर्थही लावून टाकला होता. पाणवठ्यावर, चावडीवर, मोहाच्या झाडाखाली एकच बोलणं. "घेतला बुढीनं. मेल्यावरबी सोडलं नाई. सरकारच्या हातानं घेतला."

भैयाजीने चावडीवर जाऊन जेलातलं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. लालसू कोपऱ्यात बसला होता, तो शांतपणे म्हणाला, "मरणाऱ्या माणसाले ती सामनी दिसली असन. भेव्यानं बोलते माणूस. अन् तुह्या मायचं तू चांगलंच म्हणशीन बाबू, त्यात काय." भैयाजीने नीलाबाईकडे पाहिलं. तिनेही कोठडीपाशी ते ऐकलं होतं. ती पोरीला उचलून घरी गेली.

मग बांधीच्या पारेवर, जिथे गुणाबाई पडली होती त्या जागेलगत, एक शेंदूर फासलेला दगड दिसू लागला. पुढे लिंबू, कधी काळ्या कोंबडीची पिसं. भैयाजीने दगड उचलून नाल्यात फेकला. दुसरा आला. तोही फेकला. तिसऱ्या वेळी त्याने पाळत ठेवली. भर दुपारी एक पोटुशी बाई आली, त्याच्या आईच्या हातून जन्मलेली, आणि दगडापुढे डोकं टेकवून म्हणाली, "गुणाबाई, माह्या लेकराले हात लावू नको." तो झुडपामागे तसाच बसून राहिला. जिला गावातून चार खांदे मिळाले नव्हते, तिला आता गाव हात जोडत होतं. कोर्टाने जिला माणूस म्हटलं होतं, तिची फाशीने चेटकीण करून टाकली होती, कायमची, पक्की.

त्याची झोप उडाली ती तेव्हापासून. डोळा लागला की रहाट कुरकुरायचा. कधी आई बांधीत वाकलेली दिसायची, आणि पारेवरून इसरू येताना दिसायचा, पण हातात कुऱ्हाड नसायची, नुसता काहीतरी सांगायला येत असायचा, आणि भैयाजीच उठून त्याचं तोंड दाबायचा. भागीरथा त्याला हलवून उठवायची. तिचं वेगळंच चाललं होतं. तिच्याकडून कोणी विस्तव नेईना. ती वाटेने निघाली की बाया लेकरं पाठीशी घेत. ती हे भैयाजीला सांगत नसे. त्याला सगळं दिसत होतं.

पुढच्या भादव्यात पुन्हा ताप आला. आधी टोकाच्या घरी एक म्हातारा गेला, मग सुगरता पडली.

दुपारपासून नीलाबाईच्या अंगणात माणसं जमू लागली. लालसू येऊन गेल्याचं भैयाजीला कळलं. त्याने भागीरथाला घरात कोंडून बाहेरून कडी घातली आणि कुऱ्हाड घेऊन पायरीवर बसला. कुऱ्हाड मांडीवर ठेवल्यावर त्याला शरम वाटली, पण त्याने ती खाली ठेवली नाही. माणसं नीलाबाईच्या कुंपणातून बाहेर पडताना दिसली. त्यांच्या मधून, त्यांना कोपराने ढकलत, नीलाबाई पुढे आली. खांद्यावर पोरगी, मान लटकलेली.

ती त्याच्या अंगणात शिरली आणि या वेळी थेट पायरीपर्यंत आली.

"भाऊ," ती म्हणाली, "ते कडू औषध कुठी भेटते?"

भैयाजीला क्षणभर कळेचना. मग तो उठला. कुऱ्हाड टाकली, कडी काढली. भागीरथा बाहेर आली, तिने काही न विचारता पोरीला नीलाबाईच्या खांद्यावरून आपल्या कुशीत घेतलं आणि कपाळाला गाल लावून पाहिला. कुंपणापाशी माणसं थबकली होती. कोणीतरी ओरडलं, "निले, कोणाच्या हातात देते पोट्टी?" नीलाबाईने मागे पाहिलं नाही. भैयाजी बैल जुंपत होता.

वाटेतल्या सती नदीला पाणी होतं, पण बैलांच्या पोटाएवढंच. कुरखेड्याच्या दवाखान्यात कंपाउंडरने पोरीची पापणी उलटून पाहिली, चमच्याने तोंड उघडलं आणि कोयनेल पाजलं. पोरीने ओकून टाकलं. त्याने पुन्हा पाजलं. भागीरथा ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत राहिली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुगरताचं अंग घामाने डबडबलं, तिने डोळे उघडले आणि पेज मागितली.

भैयाजी नीलाबाईला सांगायला बाहेर आला. ती दवाखान्याच्या मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभी होती, ज्या रस्त्याने ते आले होते.

"पेज मांगून राह्यली वयनी. बरी हाय."

नीलाबाईने मान हलवली. मग म्हणाली, "कुरखेडा एवढंसंच दूर होतं का भाऊ?"

भैयाजीनेही त्या रस्त्याकडे पाहिलं.

"सोमा दुपारवरी बोलून राह्यला होता. बैल गोठ्यात होते. आमी त्या लालसूच्या घरी गेलो. एवढंसंच दूर होतं." आणि ती तिथेच मातीत बसून मोठ्याने रडली. दोन्ही पोरं गेली तेव्हा, इसरूला नेलं तेव्हा, नागपूरच्या घाटावर, कुठेच ती अशी रडली नव्हती. भैयाजी तिच्याजवळ बसला. पोरगी वाचली याचा आनंद करावा, तर त्याच आनंदाने या बाईचा नवरा आणि लेकरं दुसऱ्यांदा मारली होती. डोळे पुसून ती म्हणाली, "पोट्टी गेली असती तं मले हे कवाच मालूम झालं नसतं." म्हणताच तिने तोंडावर हात ठेवला आणि धावत आत पोरीकडे गेली.

चिचटोल्याला परतल्यावर तिने चावडीवर उभं राहून सांगितलं. भैयाजीने कधीकाळी मागितलं होतं तेच, पण त्यासाठी नव्हे. "गुणाबाईनं माही लेकरं नाई खाल्ली. माह्या मालकानं जेलात सांगतलं, मी कान झाकले. उगाच मारलं तिले. अन् उगाच गेली माही लेकरं." काहींनी मानलं. पुढच्या तापाला दोन घरांनी गाड्या जुंपल्या, हे खरं. काही म्हणाले, सुनेने तिलाही वश केलं. लालसूच्या अंगणातली गर्दी कमी झाली, मोडली नाही. पारेवरचा दगड नीलाबाईने स्वतः उचलून टाकला. वर्षभर पार मोकळी राहिली. मग एका पावसाळ्यात तिथे पुन्हा शेंदूर दिसला आणि तो कोणी लावला हे भैयाजीने शोधलं नाही.

फुटलेली पार मात्र त्याने बांधून काढली. नीलाबाईची बांधी पुढे तोच नांगरून द्यायचा.

बऱ्याच वर्षांनी, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतरची गोष्ट, पलीकडच्या गावचा एक माणूस भैयाजीला शोधत आला. त्याच्या भावाला कोणीतरी बांधावरच्या भांडणात भाल्याने मारलं होतं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "तुमी फाशीवर चढवला म्हणे. मलेबी चढवाचा हाय. वकील कोणता केला होता?"

"वकील सरकारचाच होता," भैयाजी म्हणाला.

"बरं वाटलं का भाऊ? झाल्यावर?"

भैयाजीला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "निकाल लागला त्या दिशी वाटलं," तो म्हणाला. "पोटभर जेवलो त्या दिशी."

"मंग?"

"तू त्याले भेट आधी. ज्यानं मारलं त्याले."

"कायले? तोंड पाह्याची इच्छा नाई त्याचं."

"माह्यीबी नव्हती," भैयाजी म्हणाला. "पन त्याच्यापाशी सांगासारखं काई असन तं आताच मांगून घे. मंग कोणाले मांगशीन?"

माणसाला ते पटलं नाही. तो थोडा वेळ बसला, मग वडशाची गाडी चुकेल म्हणून उठला. त्याने पुढे काय केलं, कोणाला भेटला की नाही, हे भैयाजीला कधी कळलं नाही. भागीरथा दारात उभी राहून जाणाऱ्याकडे पाहत होती. भैयाजीने खांद्यावर फावडं घेतलं आणि तो बांधीकडे निघाला. ढग भरून आले होते आणि पाणी सोडायचं राहिलं होतं.